जावयाच्या बाजूचं दार

माझ्या दोन्ही हातांत एकेक केशरी शंकू होता, म्हणून पडताना मला कशालाच धरता आलं नाही.

स्कूटर शालनआत्या चालवत होती. मी मागे. शंकू तिच्या क्लासचे. 'शालन टू-व्हीलर क्लास, फक्त महिलांसाठी' अशी पाटी सांगलीत आमच्या घरावर होती, आणि गावातल्या कितीतरी बायकांनी भाजी आणायला नवऱ्याची वाट बघणं त्या पाटीमुळे सोडलं होतं. सकाळी मैदानावर शंकू मांडायचे, बायका ते पाडतील तसे पुन्हा उभे करायचे आणि क्लास संपला की उचलून आणायचे, हे माझं कॉलेजच्या सुट्टीतलं काम. या कामाला आत्याने 'फील्ड असिस्टंट' असं नाव दिलं होतं. पगाराऐवजी नावच दिलं होतं.

त्या दिवशी क्लास संपवून आम्ही घरी निघालो होतो. मिठाईच्या दुकानासमोर एक पांढरी गाडी डाव्या कडेला उभी होती आणि आमच्या उजवीकडून एसटी चालली होती. आत्याच्या क्लासचा पहिला धडा असा, की उभ्या गाडीपासून एका दाराचं अंतर ठेवायचं. त्या दिवशी ते अंतर एसटीने स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. म्हणून आत्याने वेग कमी केला. इतका कमी, की फुटपाथवरून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईने आम्हाला मागे टाकलं.

मग दार उघडलं.

'दार उघडलं' असं मी मुद्दाम म्हणतो. कारण नंतर चौकीत बराच वेळ याच्याहून जास्त कबूल करायला कुणी तयार नव्हतं.

हँडल दारात अडकलं, आत्या उजव्या हातावर पडली आणि स्कूटर तिच्या पायावर. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. पुढचं चाक आत्याच्या हेल्मेटपासून एवढ्याशा अंतरावर थांबलं, की ते अंतर मला आजही मोजावंसं वाटत नाही. मी रस्त्यावर उताणा होतो. तिथून मला त्या उघड्या दारातून एक पाय बाहेर येताना दिसला. उजवा. नवी कोरी चप्पल. तो रस्त्यावर टेकायचा, पण तिथे आमचा शंकू लवंडलेला होता, तेव्हा तो शंकूवर टेकला. शंकू चपटा झाला.

गाडीतून एका बाईंचा आवाज आला, "उजवंच टेकलं ना पाऊल, जावईबापू?"

"हो आई," जावईबापू म्हणाले.

हे मी नंतर रचलेलं नाही. रचायचं असतं तर लोकांना पटेल असं काहीतरी रचलं असतं.

धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना; लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे आणि चांदीचं काहीतरी वाण म्हणून द्यायचं, आणि महिनाभर जावयाला साक्षात विष्णू समजायचं. कुंभोजकरांचा हा पहिलाच जावई आणि पहिलाच धोंडा. कुंभोजकरकाकू हौशी. जावयाने घरात जसं उजवं पाऊल आधी टाकायचं, तसं गाडीतून उतरतानाही उजवंच आधी पडलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. आता कुणीही गाडीत बसून बघावं. डाव्या दारातून उतरलं तर आधी डावा पाय बाहेर पडतो. उजवा आधी पडायला उजवंच दार लागतं. म्हणून पुण्याहून आलेले निनादराव घारपुरे आठवडाभर सांगलीत जिथे जातील तिथे डाव्या दाराने उजवं पाऊल टाकून आत चढायचे, सीटवरून सरकत पलीकडे जायचे, आणि रहदारीच्या बाजूला उजवं पाऊल टाकून उतरायचे. फुटपाथ डावीकडे होता. फुटपाथकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पावलाकडे होतं.

कुंभोजकरकाका ड्रायव्हरच्या बाजूने उतरले आणि घाईघाईने आले. आधी दाराकडे गेले. दाराच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाले, "पत्रा वाकला."

मी उताणा पडूनच सांगितलं की माणूसपण वाकलंय.

त्यावर ते आत्याला म्हणाले, "बाई, अहो उभ्या गाडीला कुणी धडकतं का?"

तोवर डाव्या दारातून एक मुलगी उतरून गाडीला वळसा घालून पळत आली. तिने मांडीवरचा अनारशांचा डबा बॉनेटवर ठेवला, स्कूटर एकटीने उचलली, आत्याचा पाय मोकळा केला आणि हेल्मेटचा पट्टा सोडवला. ही कुंभोजकरांची ऋजुता. चार माणसांच्या त्या गाडीतून आत्यासाठी उतरलेली ती एकटीच. आईने आतून हाक मारली, "ऋजू, साडीला ऑइल लागेल." ती म्हणाली, लागलंय. आणि आत्याजवळ बसून राहिली.

आत्याचा हात मनगटाच्या वर मोडला होता. दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच आत्याला मैदानावरच्या एका बाईचा फोन आला. काळजीचा होता. शेवटी तिने विचारलं, मिस्टर म्हणताहेत उद्यापासून नको, शिकवणारीच पडली म्हणे? आत्या म्हणाली, पडले नाही, पाडलं. पलीकडून "हो ना, हो ना" असा आवाज आला, जसा आपण गेलेल्या माणसाच्या घरी करतो. मग अजून एक फोन. मग अजून एक. सांगलीत बातमीला सिग्नल नसतात.

आत्या घरी न जाता चौकीत निघाली. मी म्हटलं, हात दुखत असेल. ती म्हणाली, "हात आठवड्या-दोन आठवड्यांनी दुखायचा थांबेल. 'शालनबाई उभ्या गाडीवर आपटल्या' हे थांबणार नाही."

चौकीत कुंभोजकर आधीच आले होते. दाराची तक्रार द्यायला.

फौजदार मगदूम खरोखर सज्जन माणूस होते. त्यांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथेच होता. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की कायद्यात कसं, जी गाडी चालू आहे तिने बघायचं असतं. गाडी उभी होती. तुमची चालू होती. म्हणजे धडक कुणी दिली?

मी म्हटलं, गाडी उभी होती, दार चालू होतं.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी साक्षीदार आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं की त्या वेळी मी काय करत होतो. मी सांगितलं, शंकू धरले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, नातेवाइकाची साक्ष तशी कच्चीच असते. शंकूंमुळे ती आणखी कच्ची झाली, हे ते बोलले नाहीत.

आत्या म्हणाली, "साहेब, मला भरपाई नको. एकच वाक्य लिहून पाहिजे. दार आमच्याकडून न बघता उघडलं गेलं. खाली ज्यांनी उघडलं त्यांची सही. एवढंच."

"वाक्य कशाला ताई," फौजदार म्हणाले, "चहा घ्या की."

"मी बायकांना गाडी शिकवते. तुम्ही 'धडक दिली' असं लिहिलंत तर उद्या मैदानावर मी आणि हा, दोघंच असू. आणि याला अजून नीट येत नाही."

हे खरं होतं, पण चौकीत सांगायची गरज नव्हती.

कुंभोजकरकाका म्हणाले की आमचे जावई पहिल्यांदा धोंड्याला आलेत, त्यांचं नाव चौकीच्या कागदावर चढवायचं म्हणजे आमचं तोंड काळं. "महिना संपू द्या. पुढच्या महिन्यात काय ते लिहा. आमचं काही म्हणणं नाही."

यावर कुणीतरी हसेल म्हणून मी वाट बघितली. फौजदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ते खरंच विचार करत होते.

निनादराव कोपऱ्यातल्या बाकावर मोबाइल बघत बसले होते. त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. प्रश्न त्यांच्याकडे निघाला की वाटेत सासूबाई तो झेलायच्या. दार कुणी उघडलं? काकू म्हणाल्या, वारा सुटला होता. फौजदारांनी हवालदाराला बाहेर पाठवलं. हवालदाराने गाडीचं दार उघडलं, लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि येऊन सांगितलं की वाऱ्याने उघडेल असं दार नाही, खटका घट्ट आहे. मग काका म्हणाले, अलीकडच्या गाड्यांत सगळं इलेक्ट्रिक असतं, एखादं बटण दाबलं गेलं असेल. हवालदार पुन्हा बाहेर गेला. बटणाने काच खाली झाली. दार जागचं हललं नाही. दार निर्दोष सुटलं. वारा निर्दोष सुटला. एसटी कधीच मिरजेला पोहोचली होती. आता त्या चौकीत संशय घ्यायला आत्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

मला राग आला की मी विनोद करतो. त्या दिवशी मी फौजदारांना विचारलं, की उद्या तुम्ही फुटपाथवरून जाताना एखाद्या उभ्या इमारतीची खिडकी तुमच्या कपाळावर उघडली, तर तुमच्यावर इमारतीला धडक दिल्याचा गुन्हा दाखल करायचा का? फौजदार म्हणाले, मला बाहेर बसवावं लागेल. मी गप्प बसलो. पण राग गप्प बसला नाही. माझ्या आत्याने बारा गावच्या बायकांना ब्रेकवर बोट ठेवायला शिकवलं होतं, आणि इथे एक माणूस आपल्या पायाकडे बघत दार उघडतो, ती मरता मरता वाचते, आणि सगळी चौकी त्या माणसाला चहात साखर किती ते विचारते.

आत्या हलली नाही. चहा गार झाला, साय धरली. ती म्हणाली, "वाक्य मिळालं की जाते."

शेवटी कुंभोजकर नवरा-बायको बाहेर व्हरांड्यात गेले. ऋजुताला हाक मारली. तिघांचं काहीतरी बोलणं झालं. बोलणं म्हणजे दोघं बोलत होते. परत आले तेव्हा काकूंचा चेहरा मोकळा झाला होता, देवाचं काहीतरी पार पडल्यासारखा.

"साहेब, लिहा," काका म्हणाले. "दार आमच्या मुलीने उघडलं. पोरगी आमची आहे, आम्ही समजून घेऊ."

ऋजुता फरशीकडे बघत म्हणाली, "मी उघडलं."

फौजदार इतके खूश झाले की त्यांनी पेनाचं टोपण दातांनीच काढलं. प्रत्येकाला हवं ते मिळालं होतं. आत्याला वाक्य, कुंभोजकरांना जावई, त्यांना कागद. निनादरावांनी मोबाइलवरून एकदा वर बघितलं. बायकोकडे बघितलं. आणि पुन्हा खाली बघितलं. या शेवटच्या बघण्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग आहे. दार न बघता उघडणं एक वेळ चुकून होतं.

आत्याने विचारलं, "पोरी, तू कुठल्या बाजूला बसली होतीस?"

ऋजुता साडीवरचा ऑइलचा डाग नखाने खरवडू लागली.

"आता ते कशाला?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला वाक्य पाहिजे होतं ना? मिळालं की."

"वाक्य पाहिजे होतं," आत्या म्हणाली. "ही पोर नको होती." मग फौजदारांना म्हणाली, "साहेब, खोडा ते. माझी तक्रार मी मागे घेते."

मी तिच्या कानाशी वाकलो. म्हटलं, आत्या, क्लास जाईल. तुला मिळतंय ते घे, कुणी उघडलं ते गेलं उडत.

"हिच्या अंगावर घालून घेतलं, तर उद्या हिला शिकवायला कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"ती कुठे आपल्याकडे शिकते?"

"येईल की," आत्या म्हणाली. आणि डाव्या हाताने पदर खोचून उठली.

फौजदारांनी सुस्कारा टाकून तो मजकूर खोडला. कुंभोजकरांनी उदार होऊन स्वतःची दाराची तक्रार मागे घेतली. काकूंनी आत्याला एक अनारसा देऊ केला. आत्याने घेतला नाही. मी घेतला. मला भूक लागली होती, आणि मी तो अत्यंत निषेधाने खाल्ला.

गाडी चौकीसमोर रस्त्याच्या कडेला उभी होती. आम्ही पायरीवर रिक्षाची वाट बघत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी अगदी समोरून बघितलं. निनादराव डाव्या दाराने उजवं पाऊल टाकून आत चढले. सरकत उजवीकडे गेले. काका-काकू पुढे बसले. ऋजुता बसायला निघाली तेवढ्यात निनादराव आतून म्हणाले, फोन राहिला आत बाकावर. आणि त्यांनी उजव्या दाराकडे हात नेला. मागून एक मुलगी सायकलवरून येत होती. क्लासचं दप्तर, दोन वेण्या, शीळ घालत.

ऋजुता गाडीमागून पळत पलीकडे गेली. इंचभर उघडलेलं दार तिने दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. आतून ढकलणं चालू होतं. ती काचेतून म्हणाली, "मागे बघा आधी."

आतून काहीतरी उत्तर आलं.

"पायाकडे नाही. मागे बघा."

सायकलवाली मुलगी तिच्या पाठीला वारा लावून निघून गेली. तिला यातलं काही कळलं नाही. तिची शीळसुद्धा तुटली नाही.

ऋजुताने हात काढले. दार आता कुणीच उघडत नव्हतं. ती तशीच वळली, पायऱ्या चढून आमच्या शेजारून आत गेली. आम्ही तिच्या मागे गेलो. फौजदार आत्याचा गार झालेला चहा पीत होते.

"साहेब, मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मी डावीकडे बसले होते. माझ्या मांडीवर अनारशांचा डबा होता. दार ह्यांनी उघडलं. मागे न बघता. मी बघितलं."

फौजदारांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पण आता तक्रारच नाही की हो. त्यांनी मागे घेतली."

"मग नवीन घ्या," आत्या म्हणाली. "डावा हात चालतोय माझा."

तोवर कुंभोजकर कुटुंब दारात येऊन उभं राहिलं होतं. काकू म्हणाल्या, ऋजू, अगं धोंड्याच्या महिन्यात नवऱ्याचं नाव तू स्वतः... काकांनी फौजदारांना सांगितलं की मुलगी घाबरली आहे. मला ती खोलीतली एकटीच न घाबरलेली दिसत होती.

फौजदारांनी पहिल्यांदाच प्रश्न सासू-सासऱ्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकला. "जावईबापू, तुम्ही सांगा. दार कुणी उघडलं?"

निनादरावांनी सासूबाईंकडे बघितलं. सासऱ्यांकडे बघितलं. यावेळी प्रश्न कुणी झेलला नाही. मग त्यांनी ऋजुताकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, मघाशी गाडीच्या काचेतून बघत होती तशी.

"मी," ते म्हणाले.

फौजदार लिहायला लागले. निनादरावांनी त्यांना अर्धी ओळ लिहू दिली. मग सासूबाईंकडे वळून, अगदी कळकळीने, म्हणाले, "पण आई, पाऊल मात्र मी उजवंच टाकलं होतं."

फौजदारांनी तेही लिहिलं.

खाली सही झाली. दार कुणी, कुठल्या बाजूचं, न बघता उघडलं, सगळं होतं त्यात. पुढे काय कारवाई झाली? फार काही नाही. दंड म्हणून जे झालं ते सांगण्यासारखंसुद्धा नाही, आणि आत्याचा हात आजही मनगटात पूर्ण वळत नाही. शंकू उचलताना तो तिला आठवण करून देतो, आणि मला राग.

पण दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही दोघंच नव्हतो. ऋजुताने पुण्याला जाणं पुढे ढकललं होतं. ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती, पंजाबी ड्रेसमध्ये, कुणाचं तरी हेल्मेट घालून. कालच्या चौकीची गोष्ट तिनेच येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली. ज्यांच्या मिस्टरांनी नको म्हटलं होतं त्यांच्या घरी दुपारपर्यंत ती पोहोचली. मी म्हटलं ना, सांगलीत बातमीला सिग्नल नसतात.

त्या दिवशी मी शंकू मांडताना चपटा झालेला बाजूला टाकायला निघालो. त्याच्यावर नव्या चपलेचा ठसा स्पष्ट उमटला होता. आत्याने तो माझ्या हातातून घेतला, आणि मैदानाच्या डाव्या कडेला, उभ्या गाडीच्या जागी ठेवला.

तो अजून तिथेच असतो. नवी बाई शिकायला आली की आत्या तिला आधी त्याच्यापाशी नेते आणि सांगते, हा जावई आहे. याच्यापासून एका दाराचं अंतर.